बाईला ३००, गड्याला ५००: हा २०० चा फरक नेमका कशाचा?

सकाळी दहाच्या सुमारास कुठल्याही फाट्यावर उभं राहा. ऑटो, पिकअप भरून बाया रानात निघालेल्या दिसतात. डोक्याला रुमाल, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, हातात डबा आणि खुरपं. ज्या शेतात त्या उतरतात, तिथेच पलीकडच्या तासात एखादा गडी पाठीवर पंप घेऊन फवारणी करत असतो. रान एकच, मालक एकच, ऊनही एकच. संध्याकाळी मजुरी मात्र दोन प्रकारची.

सध्या बऱ्याच गावांत बाईला २५० ते ३००, गड्याला ४०० ते ५०० असा रोज ऐकायला मिळतो. तुमच्या गावात आकडा थोडा इकडे-तिकडे असेल. निंदणीच्या ऐन गर्दीत बाईचा रोज चढतो, पाऊस लांबला की उतरतो. पण दोघांचा रोज सारखा असलेलं गाव सापडणं मुश्किल. हिशेबाला सोपं जावं म्हणून या लेखात बाईला ३०० आणि गड्याला ५०० धरू. तुम्ही तुमच्या गावचा आकडा टाकून हाच हिशेब करून पाहा.

फरक का, असं विचारलं की पारावर उत्तर ठरलेलं असतं: "गड्याचं काम जड असतं." काही जण म्हणतात, "बाया उशिरा येतात, लवकर जातात." तिसरं उत्तर, "पहिल्यापासून असंच आहे." यातलं कोणतं उत्तर किती खरं, हे बघायचं तर आधी २०० रुपयांची फोड करावी लागते.

आधी तासांचा हिशेब

बाया उशिरा येतात, हे खोटं नाही. बहुतेक ठिकाणी बायांचा रोज अकरा ते सहा असतो. मधली अर्धा तास भाकरीची सुट्टी सोडली तर काम साडेसहा तास. गडी नऊला येतो, सहाला सुटतो. तासाभराची सुट्टी सोडली तर आठ तास.

आता भागाकार करा. बाईला साडेसहा तासांचे ३०० म्हणजे तासाला ४६ रुपये. गड्याला आठ तासांचे ५०० म्हणजे तासाला साडेबासष्ट. बाईने तिच्याच भावाने गड्याइतके आठ तास काम केलं असतं, तर तिला साधारण ३७० मिळाले असते. म्हणजे २०० च्या फरकातले ७० रुपये तासांचे झाले. उरलेले १३० तासांचे नाहीत. ते कशाचे, तोच खरा प्रश्न.

आणि ते ७० रुपयेसुद्धा इतके सरळ नाहीत. बाई अकराला का येते? ती नऊपर्यंत झोपलेली नसते. पाणी, चूल, भाकरी, पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचं जेवण, गाई-म्हशीचं शेण हे सगळं उरकून ती फाट्यावर येते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात, असं त्यात दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटं निघाली. फरक तीन तासांहून जास्त. गडी नऊला रानात पोचतो, कारण त्याचा डबा कुणीतरी आधीच भरलेला असतो. तो डबा भरण्याचा रोज कोणत्याच हजेरीत लागत नाही.

अमेरिकेच्या अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच विषयावरच्या कामासाठी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जे काम माणसाचा सगळा वेळ मागतं, कधीही हाक मारली की हजर राहा म्हणतं, त्या कामाला मोबदला जास्त मिळतो. घर आणि मूल सांभाळणारी बाई तसं हजर राहू शकत नाही. मग ती वेळ जमवता येईल असं काम धरते आणि त्या कामाला भाव कमी मिळतो.

आपल्याकडचा सालगडी बघा. पाडव्याला साल ठरतं. रात्री लाईट आली की मोटर चालू करायची, बैलांना वैरण टाकायची, कधीही मालकाचा फोन आला की जायचं. हे चोवीस तासांचं काम, म्हणून उचल मोठी. बाईचं साल ठरलेलं कुणी ऐकलंय का? उलट अनेक ठिकाणी सालगड्याची बायको त्याच शेतात शेण-झाड करते आणि तिचा हिशेब नवऱ्याच्या सालातच धरलेला असतो.

जड काम कोणतं?

आता उरलेल्या १३० कडे येऊ. "गड्याचं काम जड" या उत्तरात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: ताकद, धोका आणि हुन्नर. एकेक तपासू.

ताकद. खताचा ५० किलोचा कट्टा उचलणं, बांध घालणं, विहिरीचं काम ही ताकदीची कामं आहेत, यात वाद नाही. पण रोजच्या कामांत ती किती दिवस असतात? वर्षातले बरेच दिवस गडी पाणी धरतो, फवारतो, वखर-कोळपं हाकतो. दुसऱ्या बाजूला निंदणी म्हणजे दिवसभर ओल्या जमिनीवर उकिडवं बसून पुढे सरकत राहायचं. लावणी म्हणजे दिवसभर कमरेत वाकायचं. कपाशीची वेचणी म्हणजे पोटाला बांधलेली ओटी भरत जाते आणि तेच वजन घेऊन पुढच्या झाडाकडे जायचं. एका झटक्यात लागणारी ताकद आपल्याला दिसते. सहा-सात तास न थांबता लागणारी ताकद दिसत नाही, म्हणून तिची किंमतही होत नाही.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बायांच्या शेतीकामातले कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. काम हलकं असतं तर त्यासाठी विद्यापीठात माणसं बसवावी लागली नसती.

धोका. इथे गड्याची बाजू खरी आहे. फवारणी हे धोक्याचं काम आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. अशा कामाला जादा पैसे मिळालेच पाहिजेत, आणि त्याहून आधी मास्क, हातमोजे मिळाले पाहिजेत. पण धोक्याला जादा दाम हा नियम धरला तर तो दोन्हीकडे धरा. गवतातल्या सापाच्या तोंडी पहिला हात निंदणाऱ्या बाईचा जातो. कालच फवारलेल्या रानात आज चिखलात बसून काम करते तीही बाईच. या धोक्याचा जादा रुपया कोणत्या गावात देतात?

हुन्नर. ट्रॅक्टर चालवायला, पंपाचं नोझल लावायला शिकावं लागतं, म्हणून ते हुन्नराचं काम मानलं जातं. बरं. पण तण कोणतं आणि पीक कोणतं हे दोन पानांवर ओळखून, रोपाला धक्का न लावता हात चालवणं हाही हुन्नरच आहे. कांद्याची लागवड सरळ आणि सारख्या अंतरावर करणाऱ्या बायांच्या टोळीला शेतकरी आठ-आठ दिवस आधी सांगून ठेवतात. तो हुन्नर नसता तर कुणालाही उभं केलं असतं. फरक एवढाच की ट्रॅक्टर शिकला की त्याला "ड्रायव्हर" म्हणतात. निंदणी शिकलेल्या बाईला नुसतं "बाई" म्हणतात.

म्हणजे १३० रुपयांतला काही भाग धोक्याचा आणि जड कामाचा धरला, तरी सगळा भाग त्यात बसत नाही. उरतो तो कामाच्या नावाचा भाव. ज्या कामावर "बायांचं काम" अशी चिठ्ठी लागली, त्याचा भाव आधीच खाली धरला जातो.

यंत्र आलं की काम कुणाकडे जातं?

गेल्या काही वर्षांतला बदल नीट पाहिला तर ही गोष्ट अजून स्पष्ट होते. सोयाबीनमध्ये तणनाशक आलं. पूर्वी एकरभर निंदायला दहा-बारा बाया लागायच्या. आता एक गडी पंप घेऊन काही तासांत फवारून मोकळा होतो. काम तेच, तण काढायचं. पण खुरप्याने काढलं तर बाईचं आणि बाईच्या रोजाचं. औषधाने काढलं तर गड्याचं आणि गड्याच्या रोजाचं.

मळणीचं तसंच. कणसं बडवणं, उफणणं यात बाया असायच्या. मशीन आलं, मशीनवर पुरुष बसला. हार्वेस्टर आला, ड्रायव्हर पुरुषच. यंत्राने कष्ट कमी केले हे चांगलंच झालं. पण ज्या कामात यंत्र शिरलं, त्या कामातून बाई बाहेर पडली, आणि जे हाताने करायचं उरलं ते तिच्याकडे राहिलं. हाताच्या कामाला भाव वाढत नाही, कारण त्यात तासाला होणारं काम वाढत नाही.

म्हणून बाईच्या हाती यंत्र येणं ही मजुरीची गोष्ट आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. ड्रोन प्रत्येक गावात येईल असं नाही. पण बॅटरीवरचा पंप, पेरणी यंत्र, पॉवर वीडर ही साधी यंत्रं बचत गटाने घेऊन भाड्याने चालवली तरी "हे गड्याचं काम" ही चिठ्ठी निघायला सुरुवात होते.

रोज आणि गुत्तं: फरक कुठे कमी होतो?

एक गंमत बघा. कापूस वेचणीला किलोवर पैसे असतात. समजा १० रुपये किलो आहे. चाळीस किलो वेचला तर ४००. तराजू बाई-पुरुष ओळखत नाही. वेचणीत बाईचा हात गड्यापेक्षा मागे नसतो, बहुतेक वेळा पुढेच असतो. तिथे बाईचा भाव वेगळा आणि गड्याचा वेगळा, असं कुणी बोलतही नाही.

तसंच सोयाबीन काढणीचं एकरी गुत्तं. टोळीने एकरी रक्कम ठरवली, काम उरकलं, माणशी वाटून घेतली. इथे काम मोजलं जातं, माणूस मोजला जात नाही. म्हणून फरक कमी होतो. अनेक बायांच्या टोळ्या आता रोजाऐवजी गुत्तंच मागतात. सकाळी लवकर जाऊन दुपारी मोकळं होता येतं आणि हातात रोजापेक्षा जास्त पडतं.

गोल्डिन यांनी दिलेलं अमेरिकेतलं एक उदाहरण इथे जुळतं. तिथे औषध दुकानातल्या फार्मासिस्टांमध्ये पूर्वी पुरुष-बाई कमाईत मोठा फरक होता, कारण दुकान स्वतःचं आणि मालकाने रात्रंदिवस हजर राहायचं. पुढे मोठ्या दुकानांच्या साखळ्या आल्या, गिऱ्हाइकांची माहिती कॉम्प्युटरवर गेली, एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा सहज उभा राहू लागला. मग तासाचा भाव सारखा झाला आणि तिथला फरक खूप कमी झाला. बायांची ताकद वाढली नव्हती, कामाची रचना बदलली होती. आपल्या रानातही हेच लागू पडतं.

पण गुत्त्यातही खाचखळगे आहेत. एकर कोण मोजतो? पैसे कुणाच्या हातात पडतात? नवरा-बायको मिळून गुत्तं घेतलं तर रक्कम "जोडीची" होते आणि जोडीचे पैसे खिशात एकाच्याच जातात.

ऊसतोडीचा कोयता: अर्धा हिस्सा कुणाचा?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या भागातले ऊसतोड मजूर. मराठवाड्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. तिथे माणूस मोजत नाहीत, "कोयता" मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्याला, टन कोयत्याचे, खाडा झाला तर दंडही कोयत्याला.

नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. भरणी मध्यरात्री आली तर मध्यरात्री. त्यानंतर कोपीवर येऊन चूल पेटवते. टनाचा भाव दोघांच्या कष्टाचा आहे, पण उचलीचा करार मुकादमाशी नवरा करतो आणि पैसेही त्याच्याच नावावर येतात. इथे बाईची मजुरी कमी आहे असंही म्हणता येत नाही, कारण बाईची मजुरी म्हणून वेगळा आकडाच नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. वाढ गरजेचीच होती. पण त्या वाढीतली बाईची अर्धी वाढ कुणाच्या खात्यात गेली, हा प्रश्न कोणत्याच बैठकीत निघाला नाही.

या रचनेची किंमत अंगावर निघते. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणं अनेक आहेत, डॉक्टरांची घाई त्यात आहेच. पण पाळीच्या त्रासाने एक दिवस बसलं तरी खाडा लागतो, ही कामाची अट त्या सगळ्याच्या मुळाशी आहे. कामाची अट अशी असेल तर बाई स्वतःच्या शरीरात बदल करून घेते, कारण अट बदलायची ताकद तिच्यात नसते.

पगार नाही, "मानधन"

रानाबाहेर पाहिलं तरी चित्र तेच. गावात सरकारी कामं करणाऱ्या बाया कोण? अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा. या कामांना पगार नाही, "मानधन" आहे. पोरांना शिकवणं, गरोदर बाईला दवाखान्यात नेणं, लसीकरण, नोंदी, मोबाईलवरची ॲपं. काम वाढत गेलं, शब्द मात्र मानधनच राहिला. मानधन म्हटलं की ती सेवा होते, आणि सेवेला किमान वेतन लावा असं कुणी म्हणत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. म्हणजे हे काम आहे, सेवाभाव नाही, हे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाला सांगावं लागलं.

कायदा काय म्हणतो आणि कुठे अडतो?

समान कामाला समान वेतन हे राज्यघटनेच्या कलम ३९ मध्ये लिहिलेलं आहे. १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. आता तो कायदा वेतन संहितेत सामावला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. शेतमजुरालाही किमान वेतन लागू आहे आणि किमान वेतनात बाईचा दर वेगळा, पुरुषाचा वेगळा असा प्रकार नाही.

मग अडतं कुठे? कायद्याचे शब्द आहेत "तेच काम किंवा तशाच स्वरूपाचं काम". कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल तर वेतन सारखं. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या एका जहाज कंपनीच्या महिला स्टेनोग्राफरच्या बाजूने निकाल दिला. पुरुष स्टेनोग्राफर तेच काम करून जास्त पगार घेत होते. कंपनीची परिस्थिती नाही, हे कारण चालणार नाही असंही कोर्टाने सांगितलं. तिथे सिद्ध करणं सोपं होतं, कारण दोघांच्या कामाचं नाव एकच होतं.

रानात काम आधीच वाटून टाकलेलं असतं. बाई निंदते, गडी फवारतो. मालक म्हणणार, "काम वेगळं, म्हणून रोज वेगळा." कायदा तिथेच थांबतो. भारताने १९५८ मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय कामगार कराराला मान्यता दिली, त्यात शब्द वेगळा आहे: "समान मोलाचं काम". म्हणजे कामं वेगळी असली तरी दोन्हींचं मोल तोलून पाहा. निंदणी आणि फवारणी एका तराजूत घालून पाहायची ती गोष्ट आपल्या कायद्यात पुरती उतरलेली नाही.

आकड्यांतही बाई अशीच मागे राहते. रिझर्व्ह बँकेच्या पुस्तिकेत राज्यवार शेतमजुरीचे दर असतात. २०२२-२३ मध्ये केरळात ७६४ रुपये, देशाची सरासरी ३४५ च्या आसपास, असे आकडे बातम्यांत आले. पण तो तक्ता पुरुष मजुरांचा असतो. बाईचा रोज त्यात नाहीच.

रोजगार हमीने काय शिकवलं?

बाई-पुरुषाला एकच भाव देणारी व्यवस्था शोधायला लांब जायची गरज नाही. ती महाराष्ट्रातच जन्मली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ मध्ये कायदा झाला. खडी फोडली, माती टाकली, मोजमाप झालं, तेवढा दाम. पुढे २००५ मध्ये देशाचा कायदा आला. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता, बाईलाही तोच, गड्यालाही तोच.

देशभरात या कामांवर अर्ध्याहून जास्त दिवस बायांनी भरले. कारण साधं आहे. गड्याला बाहेर ५०० मिळत असतील तर तो ३१२ ला येत नाही. बाईला बाहेर ३०० मिळत असतील तर ३१२ तिला परवडतात, तेही गावातच. आणि गावात हमीचं काम चालू असलं की "२०० वर या" म्हणणाऱ्या मालकाला बाई नाही म्हणू शकते. म्हणजे हमीच्या कामावर न गेलेल्या बाईचा रोजसुद्धा त्याने सावरला जातो.

आता लक्ष ठेवायची गोष्ट. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. दिवस १०० चे १२५ झाले. पण पेरणी आणि काढणीच्या हंगामात मिळून ६० दिवस कामं बंद ठेवता येतील, अशी तरतूद त्यात आहे. हंगामात शेतकऱ्याला मजूर मिळावेत हा हेतू. शेतकऱ्याची अडचण खरी आहे. पण वर्षातून ज्या दोन-तीन महिन्यांत बाईला रोज वाढवून मागता येतो, नेमका तेव्हाच तिच्या हातातला दुसरा पर्याय काढून घेतला जाईल. हे ६० दिवस कधी आणि कसे ठरतात, त्याचा परिणाम बायांच्या रोजावर होणार.

शेतकऱ्याची बाजू

हे वाचून एखादा शेतकरी म्हणेल, "दोघांना ५०० द्यायचे तर मी जगू कसा?" त्याचं म्हणणं टाळून चालणार नाही. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण ओलावा आणि डागाच्या नावाखाली बाजारात किती हाती पडले हे ज्याचं त्याला माहीत. खत, बियाणं, डिझेल यांचा भाव शेतकरी ठरवत नाही. त्याच्या हातात ठरवायला उरतो तो फक्त मजुराचा रोज, आणि त्यातही बाईचा, कारण ती भांडत नाही.

पण एक गोष्ट विसरू नका. आपल्या तालुक्यांत दोन-तीन एकरवाल्याची बायको स्वतःचं रान उरकून दुसऱ्याच्या रानात रोजाने जाते. आज मालकीण, उद्या मजूर. बाईचा रोज कमी ठेवून शेतकऱ्याचं घर वाचतं असं म्हणताना, त्याच घरात येणारा एक रोज आपण कमी करतोय हे ध्यानात घ्यायला हवं.

आणि लाडकी बहीणचा हिशेबही करून टाकू. जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. "पैसे मिळायला लागल्यापासून बाया कामाला येईनात" अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. तेवढ्यावर कुणी घरी बसत नाही. फार तर अगदीच कमी रोजाला नाही म्हणायची हिंमत येते. उलटा हिशेब करा. तासांचे ७० सोडून दिले तरी बाईला दिवसाला १३० कमी मिळतात. महिन्यात १५ दिवस काम केलं तर १,९५० रुपये झाले. सरकार एका हाताने जे देतं, त्याहून जास्त रक्कम रोजाच्या फरकात तिच्याकडून जाते.

गावात काय करता येईल?

पहिलं, रोज तासावर बोला. "बाईचा रोज, गड्याचा रोज" असं न म्हणता "तासाला किती" असं विचारलं की ७० रुपयांचा फरक कोणता आणि १३० चा कोणता हे आपोआप वेगळं होतं.

दुसरं, जिथे काम मोजता येतं तिथे गुत्तं घ्या, पण बायांच्या टोळीच्या नावाने. मोजणी दोघांसमोर व्हावी आणि पैसे प्रत्येकीच्या खात्यावर किंवा हातात पडावेत.

तिसरं, ऊसतोडीला जाताना बायकोचं नाव वेगळं नोंदवा. ग्रामपंचायतीकडून ओळखपत्र घेताना दोघांचं घ्या. उचलीच्या कागदावर तिचीही सही हवी. अपघात झाला, कोर्टकचेरी झाली तर ती मजूर होती हे सिद्ध करायला तेवढाच कागद असतो.

चौथं, रोजगार हमीचं काम तोंडी मागू नका. अर्ज लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. मागणी कागदावर नसेल तर काम नव्हतं असंच धरलं जातं.

पाचवं, बचत गटाचं कर्ज काढताना एखादं यंत्र घेता येतं का ते बघा. आणि ते चालवायला भाच्याला नका बसवू, स्वतः शिका.

पुरुषांसाठीही एक काम आहे. बाईचा रोज वाढला तर आपला घटेल, अशी भीती अनेकांना वाटते. पण स्वस्तात बाई मिळते तोवर मालक शक्य ते प्रत्येक काम बायांकडूनच करून घेणार, आणि गड्याचे दिवस कमी होणार. रोज जवळ आले तर ही ओढाताण थांबते. शिवाय बाईचा रोज वाढला तर तो येतो कुणाच्या घरात?

आज संध्याकाळी बाया रानातून परत येतील. तुमच्या घरातलीही एक असेल. तिला एवढंच विचारा: आज किती तास काम केलं आणि किती मिळाले? मग मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार करा. आलेला आकडा गड्याच्या आकड्याशेजारी लिहा आणि पुढच्या ग्रामसभेला जाताना तो कागद सोबत न्या.